गुरूचे पाते

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूचे पाते नाकारले, आणि तेही साऱ्या मेळ्यादेखत. हल्ली गुरूला नाही म्हणण्यात कोणाला विशेष वाटत नाही. पण ज्या तालुक्याच्या गावची ही गोष्ट आहे, तिथे त्या दिवशी जाणत्या माणसांनीसुद्धा कानांवर हात ठेवले होते.

शिष्येचे नाव हेमलता. वय सत्तेचाळीस. वीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवून तिने नोकरी सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचे दुकान मांडले. दुकान हा तिचा शब्द. गावाचा शब्द होता हौस. तिने शेजारणीला पोळपाट करून दिला तर शेजारीण म्हणे, "बाईंची हौस दांडगी." तिने सख्ख्या दिरासाठी आठ महिने खपून सागवानी कपाट केले, तेव्हा दीरही तेच म्हणाला, आणि वर, "वेळ बरा जातो ना?" असे प्रेमाने विचारले. या 'हौस' शब्दाने तिच्या अंगाची लाही लाही होई. सुताराने कपाट केले तर काम, आणि तिने केले तर हौस! हा कोणता न्याय, असे ती घरात मोठ्याने विचारी.

पहिल्याच महिन्यात ती लाकूडवखारीचे मालक बाळशेठ यांच्याकडे करवतीची पाती घ्यायला गेली होती. आता करवतीचे पाते म्हणजे गोल ताटलीसारखी पोलादी चकती, कडेला दात असलेली; ती टेबलातल्या मोटरीवर फिरते आणि लाकूड कापते, एवढे आपण सारेच जाणतो. पण त्यात शेकडो प्रकार असतात आणि नवख्याची तिथेच फसगत होते. बाळशेठ वाईट मनुष्य नव्हे, पण तो विक्रेता. त्याने शंभर दातांचे पाते काढून तिच्यापुढे धरले.

"हे घ्या, बाई. जितके दात जास्त तितका काप गुळगुळीत. एकच घ्या, जन्माची काळजी मिटली."

तिने ते घेतले, घरी आणले आणि सागाची फळी उभी कापायला घेतली. दहा मिनिटांत शेडभर धूर झाला. फळीची कड चुलीतून काढल्यासारखी काळी पडली. तेव्हा ती जळकी फळी तशीच काखेत मारून ती गावातले सर्वांत जुने सुतार केरबा मेस्त्री यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

केरबांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. अर्ध्या गावाची दारे त्यांच्या हातची, आणि गावातले निम्मे सुतार त्यांचे शिष्य.

"अण्णा, मला तुमच्याकडे शिकायचंय," ती म्हणाली. "आणि आधी एवढं सांगा, तुमचं आवडतं पातं कोणतं? तेच मी आणते."

केरबांनी फळीची जळकी कड नाकाशी नेऊन हुंगली. "बाई, आवडतं-नावडतं ह्ये जेवणात. पात्यात काय आवडायचं? काय कापनार त्ये सांगा आधी. उभं कापनार का आडवं? साग का प्लाय?"

यात इतके फरक असतात, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळले. मग शिकणे सुरू झाले आणि ते दोन वर्षे चालले. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने उभे कापायचे तर दात थोडे हवेत, मोठे हवेत, मधल्या खाचा खोल हव्यात, म्हणजे भुसा बाहेर पडतो आणि लाकूड जळत नाही. आडवे कापायचे तर दात पुष्कळ हवेत, नाहीतर कड चावल्यासारखी फाटते. केरबा सांगत त्यातले ती सगळे ऐके. मानी मात्र सगळेच असे नाही. एकदा त्यांनी सांगितलेले जाडसर साठ दाती पाते तिने पंधरा दिवस वापरले आणि बदलून पातळ आणले. आपल्या लहान मोटरीला जाड पाते ओढवत नाही, मोटर कण्हते, असे तिचे म्हणणे. केरबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या शेडमध्ये आले, स्वतःच्या हाताने पातळ पात्यावर एक फळी कापली, आणि चहा मागितला.

अशी दोन वर्षांत तिच्याकडे तीन पाती उरली. उभ्या कापाला चोवीस दाती, आडव्याला साठ दाती, प्लायला चाळीस दाती. बाळशेठचे शंभर दाती तिने कोणाला तरी देऊन टाकले. ही तीन तिची आवडती. ती का आवडती, हे ती झोपेतून उठवले तरी सांगू शकली असती.

आता या गावची रीत सांगितली पाहिजे. माघातल्या विश्वकर्मा जयंतीला सुतारांचा मेळा भरे. शिकून तयार झालेल्या शिष्याने त्या दिवशी साऱ्यांसमोर पहिला काप घ्यायचा, तो गुरूच्या पात्यावर. पाते सकाळी तेलाचा हात देऊन, हळदकुंकवाने माखून पूजेत ठेवलेले असे. शिष्याने ते कपाळाला लावायचे, टेबलावर चढवायचे आणि मोटर चालू करायची. पाते फिरताच कुंकू चहूकडे उडे, पुढच्या रांगेतल्यांचे सदरे लाल होत आणि लोक टाळ्या वाजवीत. काप सरळ आला की देवळाच्या ओवरीत लावलेल्या सागाच्या लांब फळीवर शिष्याचे नाव पटाशीने कोरले जाई. फळीवर तेव्हा त्रेसष्ट नावे होती, सगळी पुरुषांची. ज्याचे नाव फळीवर त्याला मेस्त्री म्हणायचे. बाळशेठच्या वखारीतला निवडक साग त्यालाच मिळे, गावातली दारे-खिडक्यांची कामे त्यालाच मिळत. ज्याचे नाव नाही, तो कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या हाताखालचा. आणि हेमलतेच्या बाबतीत, हौशी.

केरबांनी त्या वर्षी तिचे नाव पुढे केले तेव्हा मेळ्यात पुष्कळ खळखळ झाली. बाळशेठ मेळ्याचा प्रमुख होता. तो म्हणाला, "बाईमाणसाला कशाला या फंदात पाडता, अण्णा?" केरबा म्हणाले, "मी पाडलं न्हाई, त्या पडल्या." म्हातारा अडून बसला आणि शेवटी मेळ्याने होकार दिला. यापुढे काही चुकले तर दुसरी संधी मिळणार नाही, हे हेमलतेला कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

जयंतीच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात टेबल मांडले होते. दोन-अडीचशे माणसे अर्धगोल करून उभी. पुढे लहान मुले मांडी ठोकून बसलेली, कारण कुंकू अंगावर उडण्यात त्यांना मौज वाटे. कापायला सागाची चार फुटी फळी, उभी. केरबांनी दोन्ही हातांनी आपले पाते तिच्या हाती दिले. चोवीस दातांचे, जाड पोलादाचे. पंचवीस वर्षे त्यांनी त्या पात्याखेरीज दुसऱ्यावर उभा काप घेतला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी एखाद्या पात्याला आवडते म्हटले असेल, तर ते हेच.

हेमलतेने ते कपाळाला लावले. मग तिने खिशातून रॉकेलचा बोळा काढला आणि पाते पुसायला सुरुवात केली.

गर्दीतून एकदम कुजबुज उठली. बायकांच्या बाजूने तर कोणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला. सवाष्णीने कुंकू पुसायचे, तेही पूजेतल्या वस्तूवरचे! पण हेमलतेच्या डोक्यात त्या क्षणी दुसरे काही नव्हते. टेबलावर चढणारे पाते स्वच्छ हवे, त्यावर तेल नको, भुकटी नको, हे केरबांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. जयंतीच्या दिवशी तो नियम पाळायचा नाही, असे त्यांनी कधी सांगितले नव्हते.

पाते लखलखीत झाले. एका ठिकाणी मात्र लाल रंग जाईना. एका दाताच्या मुळापासून मधल्या भोकाकडे केसासारखी बारीक लाल रेघ, दोन बोटे लांब. तिने पुन्हा पुसले. रेघ राहिलीच. तिने पाते उन्हात तिरपे धरले, नखाने चाचपले. नखाला काही लागले नाही. डोळ्यांना मात्र दिसत होते.

पोलादाला तडा असेल तर त्यात कुंकू शिरून बसणार. आणि तडा गेलेले पाते मिनिटाला तीन हजार वेळा फिरले, तर तुटलेला दात गोफणीतल्या दगडासारखा सुटणार. समोर पोरे बसली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "याला रेघ आहे. मी हे लावणार नाही."

बाळशेठ पुढे आला. त्याने पाते हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले. "ओरखडा आहे हा! पंचवीस वर्षं चालतंय हे पातं. बावीस जणांनी पहिला काप घेतलाय याच्यावर. तुम्हालाच बरी दिसली रेघ!"

"मलाच दिसली, कारण मीच पुसलं."

"भीती वाटत असेल तर तसं सांगा, बाई. उगाच अण्णांच्या पात्याला दोष देऊ नका."

"भीती वाटतेच आहे," हेमलता म्हणाली. "तुम्हाला वाटत नसेल तर तुम्ही लावा, आणि पुढे उभे राहा."

आता सारे केरबांकडे पाहू लागले. म्हाताऱ्याने पाते मागून घेतले. त्यांची नजर मंदावली होती. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, त्यांनाही काही लागले नाही. पंचवीस वर्षांचा सोबती हातात होता. ते म्हणाले, "बाई, मला न्हाई वाटत त्याला काय झालंय. लावा तुम्ही. मी सांगतो."

गुरूचा शब्द आला, तोही चारचौघांत. हेमलतेला वाटले, आपण इथेच संपलो. होय म्हटले तर अर्ध्या तासात नाव फळीवर चढेल. नाही म्हटले तर उद्यापासून जन्मभर हौस. ओरखडाच असेल, बहुधा ओरखडाच असेल, असे तिचे तिलाही वाटू लागले होते.

"तुम्ही सांगितलंत तरी नाही," ती म्हणाली. "माझी खात्री पटलेली नाही. माझ्या हातून हे फिरणार नाही. नाव नका कोरू."

तिने टेबलाची वायर उपसून काढली आणि बाजूला उभी राहिली. गलका झाला. "गुरूचा अपमान", "शिक्षण देऊन हेच ऐकायचं", असे बरेच काही लोक बोलले. केरबांनी पाते टेबलावर ठेवले, हत्यारांच्या पेटीतून पटाशी आणि लाकडी हातोडी घेतली आणि हळूहळू ओवरीत शिरले. काय चालले आहे हे कळायच्या आत फळीवर पहिला घाव पडलासुद्धा.

म्हातारा 'हे' कोरत होता.

"अण्णा!" बाळशेठ धावला. "अहो, काप झाला नाही! निदान आधी पातं तपासू या. तडा निघाला तर कोरा नाव, कोण नाही म्हणतंय? ओरखडा निघाला तर?"

"तरी ऱ्हाईल," केरबा म्हणाले, आणि त्यांनी मात्रा सरळ केली.

कोरलेले नाव पुसता येत नाही. गर्दी ओवरीपाशी लोटली. 'म'. 'ल'. हात थरथरत असल्यामुळे अक्षरे थोडी वाकडी येत होती. शेवटचा काना झाल्यावर त्यांनी भुसा फुंकला आणि ते वळले.

"शेठ, तुमचं म्हननं आसं, की बाई बरोबर निघाल्या तर मेस्त्री, चुकल्या तर न्हाई. मग ती सोडत झाली. नशिबानं बरोबर निघनारे लई आसत्यात. मी बघतो त्ये दुसरंच बघतो. ज्याची खात्री न्हाई त्ये फिरवायचं न्हाई, मग सांगनारा कोनबी आसू दे. मी सांगितलं तरी बाईंनी फिरवलं न्हाई. त्यापरीस जास्ती मला काय शिकवायला येत न्हाई. पात्याला तडा हाय का न्हाई, ह्यो सवाल पात्याचा. बाईंचा सवाल संपला."

मग त्यांनी स्वतःच पाते शिकंज्यात अर्धे आवळले आणि लोखंडी हातोडा उचलला. हेमलता "नको, अण्णा" म्हणेपर्यंत पहिला घाव बसला होता. तडा असता तर पाते रेघेवर काडकन तुटले असते. ते वाकले. दुसऱ्या घावाला आणखी वाकले, चौथ्याला काटकोनात आले. तुटले नाही. बाळशेठने रेघेवर बोट फिरवले आणि मान डोलावली. ओरखडाच होता. चांगले धडधाकट पाते होते, आणि आता ते पुन्हा कधी फिरणार नव्हते.

हेमलतेचे डोळे भरून आले. त्या पात्याने कापलेली दारे ती रोज येता-जाता पाहत होती.

"आता तरी माफी मागा," बाळशेठ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तोही हळहळला होता.

तिने डोळे पुसले. "पातं गेलं त्याचं मला फार वाईट वाटतंय, अण्णा. मी चुकले. पण माफी मी मागणार नाही. उद्या दुसऱ्या पात्यावर अशीच रेघ दिसली, तर उद्याही मी नाहीच म्हणेन."

केरबा हसले. अगदी मोकळे, पडलेल्या दातांसकट हसले. "ऐका रे!" ते मेळ्याला म्हणाले. "बावीस जनांनी लावलं ह्ये पातं. लावायच्या आधी कुनी उजेडात धरून बघितलं व्हतं का? खरं सांगा."

कोणी हात वर केला नाही. गुरूचे पाते ते काय बघायचे? कपाळाला लावायचे आणि चढवायचे.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बघितलं व्हतं."

लोक वळले. लाकडाच्या थप्पीला टेकून दगडू उभा होता. पन्नाशीचा, अबोल, याच्या-त्याच्या हाताखाली राबणारा गडी. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. त्याची हकीकत गावाला पाठ होती. सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या कापाला त्याचा हात हलला, फळी अडकली, पाते तुटले आणि दोन बोटे घेऊन गेले. त्याचे नाव फळीवर चढले नाही. केरबांनी त्यानंतर नवे पाते आणले, तेच आज वाकून पडलेले.

"ह्ये न्हाई," दगडू म्हणाला, "ह्याच्या आदीचं. माझा हात हलला नव्हता, अण्णा. कुंकवाखालनं रेघ दिसली व्हती मला. दाताच्या मुळाशी."

केरबांचे हसू मावळले. ते ओवरीची पायरी उतरून त्याच्याजवळ गेले. त्यांनी त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मग बोलला का न्हाईस, लेकरा?"

दगडूने खाली पाहिले. "तुमचं पातं व्हतं," तो म्हणाला.

केरबांनी पटाशी आणि हातोडी हेमलतेपुढे धरली.

"मेस्त्री," ते तिला म्हणाले, "ह्याचं नाव तुमी कोरा. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

बाळशेठकडे तिने एकदा पाहिले. बाळशेठ बाजूला झाला आणि त्याने तिला ओवरीची वाट करून दिली. हेमलता फळीपाशी गेली, आपल्या वाकड्या अक्षरांतल्या नावाखाली अंगठ्याने जागा मोजली आणि पटाशी टेकवली. मग थांबून तिने मागे वळून विचारले, "पूर्ण नाव सांगा तुमचं."

सव्वीस वर्षांत ते त्याला कोणी विचारले नव्हते. दगडू थप्पी सोडून पुढे आला.

"दगडू रामा सुतार," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला.